मूर्तिजापूरच्या पुढे, अमरावतीच्या अलीकडे

अकोल्याच्या बसस्टँडवर जागा धरायची एकच रीत आहे. बस फलाटाला लागायच्या आत तिच्या बाजूने चालत राहायचं आणि खिडकीतून काहीतरी आत टाकायचं. रुमाल, टोपी, पाण्याची बाटली, काहीही. एकदा एका बाईला मी चप्पल टाकताना पाहिलं आहे, आणि ती जागाही तिला मिळाली होती. ज्याची वस्तू त्याची जागा, हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण बहुतेक लिहिलेल्या कायद्यांपेक्षा तो बरा पाळला जातो. मी उभं आयुष्य या कायद्याने प्रवास केला. त्या एप्रिलच्या दुपारी रुमाल डोक्याला बांधलेला होता, बाटली पर्सच्या तळाशी होती, आणि हाताला आली ती कापडी पिशवी मी खिडकीतून टाकली. पिशवीत फाईल होती. फाईलमध्ये माझ्या भाचीचं जात वैधता प्रमाणपत्र होतं. मूळ प्रत.

भाचीचं नाव आरोग्यसेविकेच्या निवड यादीत आलं होतं. कागदपत्रांची तपासणी अमरावतीला, अठरा दिवसांनी. ती अकोल्याला एका खासगी दवाखान्यात पाळ्यांवर राबत होती, म्हणून तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, म्हणाली, "फाईल तूच घेऊन जाय. तू कागदाची बाई हायेस. तुह्यापाशी राहिली का मले झोप लागते." मी अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझ्या हातून आजवर एकही पुस्तक हरवलेलं नाही. हरवली ती प्राध्यापकांच्या हातून.

बसमध्ये चढेपर्यंत माझ्या जागेवर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. म्हातारी म्हणाली, "बाई, थे पिशवी तुमची काय? वर ठेवली म्या, खराब नाही होत."

"मी जागा धरली होती," मी म्हणाले.

"हाव, धरली होती. आमी बसलो न मंग." माझ्या काखेतल्या जाड पुस्तकाकडे तिने पाहिलं. "तुमाले त वाचाचंच हाये. उभ्यानंही वाचता येते."

मी उभ्याने वाचू लागले. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा वर पाहिलं, पिशवी फळीवर होती. तिथे मागची एक जागा रिकामी झाली, मी जाऊन बसले आणि पुस्तकात शिरले. मधल्या थांब्यांवर माणसं उतरली, चढली, जोडपंही कुठेतरी उतरलं. अमरावतीला उठून पुढे गेले तर फळीवर एक ज्वारीचं पोतं होतं आणि पिशवी नव्हती.

कंडक्टरने बाकाखाली वाकून पाहिलं. आगारात सापडलेल्या वस्तूंच्या कपाटात तीन छत्र्या आणि एक टिफिनचा डबा होता. मी घरी येऊन बहिणीला फोन केला.

"खिडकीतून?" ती म्हणाली. "सर्टिफिकिट खिडकीतून टाकलं तुनं?"

"जागा धरायची होती."

"मंग? भेटली काय जागा?"

"नाही."

ती म्हणाली, "आमाले वाटे का शिकली तू."

भाचीने मात्र टोमणा मारला नाही. तिने फक्त विचारलं, "मावशी, मंग आता काय करायचं?" टोमणा परवडला असता.

काय करायचं ते निवडीच्या कार्यालयातल्या बाबूने दुसऱ्या दिवशी सांगितलं. माणूस वाईट नव्हता. मूळ कागद नसेल तर पोलिसांचा गहाळ दाखला आणा, दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज केल्याची पोच आणा, दोन्ही लावले तर मुदत देता येते. "अन् तपासणीच्या दिवशी काहीच नसलं, तर जागा खालच्या नंबरवालीले जाते, मॅडम. थे बी कोणाची तरी भाची असन."

गहाळ दाखला संगणकावरूनही मिळतो हे मला ठाऊक होतं. मी त्याच संध्याकाळी संकेतस्थळावर सगळं भरलं, छापलं आणि सकाळी बाबूपुढे ठेवलं. त्याने कागद उलटा केला, सुलटा केला.

"गोल शिक्का कोठी हाये?"

"हा ऑनलाइन आहे. त्याला शिक्का नसतो."

"म्हणूनच आमी थो घेत नाही."

मी ठाण्यात गेले. ठाण्याला नुकताच रंग दिला होता, आणि दारावरच्या फलकावर नागरिकांना सोज्वळ अक्षरांत बरीच आश्वासनं होती. आत टेबलामागे ठाणे अंमलदार एकटा होता. ठाण्यात येणाऱ्या माणसाचं पहिलं ऐकून घ्यायचं काम त्याचं. त्याने ऐकलं. हरवलेल्या कागदांचं काम पाहणारे हवालदार बंदोबस्तावर आहेत, कधी येतील सांगता येत नाही, असं म्हणाला. "असं करा मॅडम, येण्याआधी फोन करत जा. उगाच चक्कर होते तुमची." फलकावरचा नंबर त्याने स्वतः लिहून दिला. मला ते सौजन्य वाटलं. पुढचे चौदा दिवस मी त्या सौजन्याचा उपभोग घेतला.

आमच्या वाचनालयात भिंतीवर तीन ठिकाणी 'शांतता राखा' लिहिलं आहे, त्यातलं एक मीच लिहिलेलं. म्हणून मी वर्तमानपत्रांच्या बांधीव संचांमागे, खिडकीपाशी उभी राहून फोन लावायची. घंटी वाजत राहायची. ती आपोआप बंद पडेपर्यंत पूर्ण ऐकायची, हा मी नियम केला. बंद पडली की पुन्हा लावायची. पुस्तकांच्या नोंदींची बाद झालेली जुनी सूचिपत्रकं माझ्याकडे ढिगाने आहेत, त्यांच्या मागच्या बाजूवर वेळ आणि निकाल लिहायची. बहुतेक पत्रकांवर निकाल एकच आहे: 'वाजला.' काहींवर 'व्यस्त.' एका पत्रकावर 'उचलला, ठेवला.' एकावर नुसतं 'खोकला.'

घंटी ऐकत मी ते जाड पुस्तक वाचून संपवलं. एका थोर पुरुषाचं चरित्र होतं. साडेपाचशे पानांत त्या पुरुषाला कोणीही, कधीही, दहा मिनिटं थांबवून ठेवलेलं नाही. चरित्रकार अशा गोष्टी गाळतात, की थोर पुरुष असा नंबर फिरवतच नाहीत, कोण जाणे.

बहीण रोज संध्याकाळी चौकशी करायची. "अवं, एकशे बाराले लाव न. तिथं लगेच उचलते म्हणते."

"ते जिवावर बेतलेल्यांसाठी आहे, ताई."

"मंग माह्या पोरीच्या काय बेतलं नाही काय?"

"तिच्या नोकरीवर बेतलं आहे. मी तिकडे लावेन, आणि त्याच वेळी कोणाच्या तरी घरात डोकं फुटलेलं असेल."

"तू नं," ती म्हणाली, "लय विचार करते. पिशवी टाकताना केला असता थोडा."

सहाव्या दिवशी फोन उचलला गेला. मी इतकी दचकले की क्षणभर काय बोलायचं तेच आठवेना. पलीकडे भरदार आवाज होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पिशवी शेवटी कोठी पाह्यली?"

"मूर्तिजापूरला."

"मंग मूर्तिजापूरच्या बाजूले करा न फोन. आमची हद्द नाही."

तिकडचा नंबर मिळवला. तिथे तिसऱ्या दिवशी उचलला. "मूर्तिजापुरात पिशवी होती म्हणता न? होती म्हणजे हरवली नाही. जिथं दिसली नाही तिथं हरवली. अमरावतीले करा." तर्कशास्त्राच्या दृष्टीने मला हे पटलं. सुटण्याचं ठिकाण म्हणून अकोल्याला लावून पाहिला. तिथला माणूस सगळ्यांत स्पष्ट होता: "बाई, बस इथून रोज सुटतेत. सगळ्याइच्या पिशव्या आमीच पाहाव काय?"

म्हणजे माझी पिशवी अशा जागी हरवली होती जी कोणाच्याच हद्दीत नाही. मूर्तिजापूरच्या पुढे आणि अमरावतीच्या अलीकडे एक सरकारी पोकळी आहे, तिच्यातून रोज शेकडो माणसं प्रवास करतात आणि त्यांना ठाऊक नसतं.

अकराव्या दिवशी पुन्हा अमरावतीचा फोन लागला. या वेळी आवाज वेगळा होता, थकलेला आणि जरा मवाळ. हेच हरवलेल्या कागदांचे हवालदार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, सोपं करून सांगू काय? बसस्टँडवर हरवली म्हना. आमच्याच हद्दीत येते. पाच मिनटात दाखला देतो. सगळे असंच सांगतेत."

"पण ती बसस्टँडवर हरवली नाही."

"तुमाले कसं माहीत?"

"मी फळी पाहिली. उतरण्याआधीच नव्हती."

"तुमी काहून एवढं पाह्यलं?" ते म्हणाले, आणि मागून कोणीतरी हाक मारली, आणि फोन ठेवला गेला.

त्या रात्री जेवताना भाचीचा फोन आला. आईने तिला सांगितलं होतं. "मावशी," ती म्हणाली, "सांगून दे न बसस्टँड. कोणाले काय फरक पडते?"

तिचं बरोबर होतं. मी काही हरिश्चंद्राच्या घराण्यातली नाही. वाचनालयाच्या वार्षिक अहवालात मी वाचकसंख्या थोडी फुगवते, हे इथे कबूल करते. पण हा कागद वेगळा होता. त्या वैधतेसाठी भाचीच्या पणजोबांचा, म्हणजे तिच्या वडिलांच्या आजोबांचा, शाळेतला दाखला लागला होता. त्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्याच्या कितीतरी आधीची ती नोंद. तिसरीपर्यंत शिकलेल्या त्या माणसाचं नाव शाळेच्या रजिस्टरात दोनदा आलं होतं, आणि दोन ठिकाणी जन्माचं साल एका वर्षाने वेगळं होतं. कोणा मास्तराने घाईत लिहिलं असेल, की कोणाला काय फरक पडतो. फरक पडला. तो एक आकडा निस्तरायला आमची दोन वर्षं गेली. माझी बहीण त्या दोन वर्षांत शपथपत्रं करून करून वकिलासारखं बोलायला शिकली.

"उद्या दुसरी प्रत देताना कोणी विचारलं," मी भाचीला म्हटलं, "की ऑनलाइन तक्रारीत प्रवासात हरवलं लिहिलंय आणि दाखल्यात बसस्टँडवर, यातलं खरं कोणतं? मग? तुझ्या पणजोबांच्या वेळी दोन सालं होती. आता दोन जागा."

ती म्हणाली, "पन सातच दिवस राह्यले, मावशी."

"माहीत आहे."

"नाही भेटला दाखला त?"

"मिळेल."

हे मी कशाच्या बळावर म्हटलं, मला आजही सांगता येणार नाही. फोन ठेवल्यावर मी ते जाड पुस्तक काढलं. मी खुणेसाठी नेहमी बसचं तिकीट वापरते. अकोला ते अमरावती, तारीख, वेळ, सगळं त्याच्यावर मशीनने छापलेलं होतं. ही छपाई उन्हाने उडते. आठवडाभर पुस्तक खिडकीत पडून होतं आणि अक्षरं आताच फिकट चहासारखी झाली होती. सकाळी दुकान उघडताच मी त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या. दुकानदाराने विचारलं, "तिकिटाची झेरॉक्स? टीए काढाचा काय?" मी हो म्हणाले. सगळ्यांना सगळं सांगत बसायला वेळ नव्हता.

पुढचे तीन दिवस ठाण्याचा फोन नुसता वाजला. कारण शहरभर दिसत होतं. कोणी मोठी व्यक्ती एका प्रवेशद्वाराचं उद्घाटन करायला येणार होती. ज्या रस्त्यावर ते प्रवेशद्वार होतं त्यावरून लोक आधीपासूनच ये-जा करत होते, पण उद्घाटन झालेलं नव्हतं. स्वागताच्या फलकावर मी गंमत म्हणून चेहरे मोजले आणि एकतीसवर सोडून दिलं. कॉलेजला जाताना दोरी धरून उन्हात उभे असलेले पोलीस दिसायचे. मोठी व्यक्ती पहिल्या दिवशी आलीच नाही, दुसऱ्या दिवशी चार तास उशिरा आली. तोवर झेंडूची कमान सुकून गेली, म्हणून दुसरी लावली. मला सूड उगवल्यासारखं वाटायला हवं होतं. पण दोरी धरलेल्या त्या माणसांपैकी एकाने डोक्यावर ओला रुमाल टाकला होता आणि तो वारंवार फोन काढून पाहत होता, बहुधा घरून वाजत असावा. तोही उचलत नव्हता.

तपासणीच्या दोन दिवस आधी मी कॉलेजातून रजा घेतली. तिकीट, झेरॉक्स, ऑनलाइनचा कागद, आधार आणि सूचिपत्रकांचा गठ्ठा घेऊन ठाण्यात जाऊन बाकावर बसले. टेबलापाशी पाच-सहा माणसं होती. हवालदार एकटेच लिहीत होते. आवाजावरून ओळखले, तेच मवाळ. वय पन्नाशीचं, नाकाचा शेंडा उन्हाने सोललेला. त्यांच्या कोपराशी फोन होता, आणि तो वाजत होता. ते मान वर न करता लिहीत होते. चौदा दिवस मी ज्या घंटीला पलीकडून ऐकलं ती अलीकडून अशी दिसते, हे मला तेव्हा कळलं. समोर माणूस असला की फोन थांबतो, आणि फोन उचलला की माणूस थांबतो. ते समोरचा माणूस निवडत होते. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

तासाभराने माझा नंबर आला. मी म्हणाले, "गहाळ दाखला हवा होता."

त्यांनी न बघता विचारलं, "फोन करून आल्या काय? फोन करून येत जा, मॅडम. जरा बसा. हे एक अर्जंट संपवतो."

मी पुन्हा बाकावर बसले, मोबाइल काढला आणि नंबर लावला. त्यांच्या कोपराशी घंटी वाजू लागली. त्यांनी लेखणी थांबवली, शेजाऱ्याच्या रडणाऱ्या पोराकडे पाहावं तसं फोनकडे पाहिलं, आणि पुन्हा लिहू लागले.

"उचला भाऊ," मी म्हणाले. "मीच आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. बाकावरची एक म्हातारी हसली. हवालदारांनी, का कोण जाणे, खरंच फोन उचलला. "हॅलो?"

"मूर्तिजापूरची पिशवी," मी मोबाइलमध्ये म्हणाले. "आता येऊ का?"

त्यांच्या सोललेल्या नाकाखाली हसू आलं. "या," ते फोनमध्येच म्हणाले. "कधी निघता?"

"निघाले."

टेबलापर्यंतचं अंतर पाच पावलं होतं. मी सूचिपत्रकांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वरची चार-पाच वाचली. "'खोकला'? हा मीच असन. त्या दिवशी लय धूळ होती." मग गठ्ठा सरळ करून परत दिला. "तक्रार कराची काय आमची?"

"नाही. दाखला हवा आहे. आणि बसस्टँड लिहायचं नाही."

"मी म्हनलं होतं न, हद्दीचा—"

मी तिकीट ठेवलं आणि शेजारी झेरॉक्स. मूळ तिकिटावर आता तारीख वाचायला उजेडाकडे धरावं लागत होतं. "प्रवास कुठून कुठे, ते हे. मी राहते तुमच्या हद्दीत. हरवल्याचं लक्षात आलं तुमच्या हद्दीत. हरवली कुठे ते मला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते मी सांगणार नाही. तुम्ही 'प्रवासादरम्यान' लिहा. परवा तपासणी आहे. हा कागद नसला तर पोरीची जागा खालच्या नंबरवालीला जाते."

"पोरगी कोण तुमची?"

"बहिणीची."

ते म्हणाले, "माही पोरगी बी देऊन राहिली परीक्षा. दोन वर्षं झाले." मग रजिस्टर ओढलं, आणि हळूहळू, प्रत्येक अक्षर वेगळं काढत लिहिलं: मूर्तिजापूर ते अमरावती एस.टी. प्रवासादरम्यान गहाळ. ज्या ओळीसाठी मी तीन ठाण्यांची तीन दारं फोनवरून ठोठावली, ती लिहायला त्यांना एक मिनिटही लागलं नाही. तसं लिहिता येतं हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं का, असं मी विचारलं.

"येते लिहिता," ते म्हणाले. "पन मंग साहेब विचारतेत, काहून घेतली आपल्याकडं? बसस्टँड म्हनलं का कोणी विचारत नाही."

"विचारलं तर काय सांगाल?"

"सांगन, बाई उठतच नव्हती."

शिक्क्याची गादी वाळलेली होती. त्यांनी शिक्क्यावर दोनदा तोंडाची वाफ मारली, मुठीने दाबला आणि कागद वर धरून पाहिला. उमटला होता. एका बाजूला किंचित फिका, पण गोल.

तेवढ्यात फोन वाजला. आम्ही दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. या वेळी तो मी नव्हते. समोर अजून तीन माणसं उभी होती. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि उचलला. "बोला." पलीकडे कोणीतरी फार जोरात बोलायला लागलं. बहुधा त्यालाही उत्तर मिळेल अशी अपेक्षा उरलेली नव्हती.

त्याच दुपारी मी भाचीला बोलावून दुसऱ्या प्रतीचा अर्ज दिला आणि पोच घेतली. तपासणीच्या दिवशी ती आत गेली, मी दारात उभी राहिले. बाबूने दाखला उचलला, शिक्क्यावर बोट ठेवलं, "गोल हाये," म्हणाला आणि फाईलला टाचला. त्या ओळीकडे त्याने पाहिलंही नाही. मुदत मिळाली. नाव जागेवर राहिलं.

बाहेर आल्यावर भाचीने तिच्याजवळची झेरॉक्स काढून आईला फोनवरून वाचून दाखवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, रजिस्टरच्या क्रमांकासकट. "प्रवासादरम्यान" या शब्दापाशी ती थांबली आणि तिने तो पुन्हा एकदा वाचला. पलीकडून बहिणीचा आवाज मलाही ऐकू आला: "इचार तिले, खिडकीचं लिहिलं काय?"

"नाही व आई. थे नाही लिहिलं."

"बरं झालं," बहीण म्हणाली. "आता बसून येजा म्हनावं. अन् जागा रुमालानं धरजा."